कायाकवरून खाडीत मासे गरवायचेत? मग आधी परतीचं गणित मांडा

पाऊस सरला की मला तेच तेच प्रश्न यायला लागतात. कुठला लूर (नकली मासा) घेऊ, रील तीन हजारी घेऊ की चार हजारी (हा रीलचा आकार, किंमत नाही), तांबोशी कुठे लागते. एकही जण विचारत नाही की दादा, दहा वाजता ओहोटी लागली तर मी परत कसा येणार. आणि मग डिसेंबरात कोणीतरी होडीला दोरी बांधून ओढत आणलेला दिसतो, चेहरा लालबुंद, पाण्याची बाटली रिकामी, मासा नाहीच.

म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, गळ सातव्या टप्प्यावर येतो, त्याआधी उडी मारू नका. हे कोकणच्या खाड्यांसाठी आहे, रायगडपासून गोव्यापर्यंत. उघड्या समुद्रात सुरमईच्या मागे जायचं असेल तर आधी खाडीत एक आख्खा सिझन काढा, मग बोलू.

टप्पा १ : कायाक घरीच तपासा

वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप कायाकच घ्या. आत पाय घालून बसायची नको, उलटली की तिच्यात पाणी भरतं आणि एकट्याने ते उपसणं होत नाही. लांबी ११ ते १३ फूट, रुंदी ३० ते ३४ इंच. यापेक्षा रुंद घेतली तर बसायला पलंगासारखी पण वल्हवताना खांदे निघतात.

वजनाची भानगड लोक हमखास चुकवतात. कायाकवर १५० किलो लिहिलंय म्हणून १५० किलो भरायचे नसतात, साधारण ७० टक्के धरा, म्हणजे १०५. तुम्ही ८० किलो, सामान १५, पाणी आणि बर्फ ८, झाले १०३. आता त्यात मित्राने दिलेली जड बॅटरी आणि पोळीभाजीचा चार पुडांचा डबा कुठे बसणार ते तुम्हीच ठरवा.

*तपासा :* मागच्या टोकाला पाणी काढायचं बूच असतं ते घट्ट आहे का. कायाक धुतल्यावर आतलं पाणी काढायला बूच उघडायचं आणि लावायचं विसरायचं, ही चूक मी स्वतः केलीय, अर्ध्या तासाने मागची बाजू जड का वाटतेय म्हणून वळून बघितलं तर शेपूट पाण्याखाली. बसायच्या जागेतल्या आरपार भोकांची बुचं वेगळी, त्यातून थोडं पाणी वर आलं तर काही बिघडत नाही. हे मागचं बूच मात्र जीव घेऊ शकतं.

टप्पा २ : आधी उलटायला शिका

हो, उलटायला. छातीभर पाण्यात, कोणीतरी सोबत असताना, लाईफ जॅकेट घालून मुद्दाम कायाक उलटी करा आणि परत चढा. पाय टेकवून नाही, पाय टेकत नाहीत असं समजून.

१. वल्हं सोडायचं नाही. त्याला दोरी बांधलेली असेलच (नसेल तर टप्पा ५ वाचा).
२. कायाक पालथी असेल तर मधोमध जा, तिच्यावरून हात पलीकडे टाकून पलीकडची पट्टी किंवा हँडल धरा, गुडघे अलीकडच्या कडेला रोवा आणि मागे झुका. ती सुलटी होते.
३. आता पाय पाण्यावर आडवे तरंगवा आणि जोरात मारा. लोक पाय कायाकच्या खाली जाऊ देतात आणि मग भिंतीवर चढल्यासारखे लोंबकळत राहतात, तसं कितीही दम लावला तरी चढता येत नाही.
४. एका दणक्यात पोट कायाकवर आडवं. मग वळून बूड खुर्चीत. मग पाय आत. पोट, बूड, पाय, याच क्रमाने. घाईत पाय आधी टाकायला गेलात की परत पाण्यात.

पाच वेळा सलग जमलं पाहिजे. त्यातही पाचवी वेळ महत्त्वाची, कारण खरोखर उलटता तेव्हा तुम्ही आधीच दमलेले असता.

*थांबा :* पाच वेळा जमत नसेल तर या सिझनला काठावरूनच गरवा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कोकणातली अर्धी तांबोशी पुलावरून आणि जेटीवरूनच निघते.

टप्पा ३ : दिवस पंचांगातून निवडा, सुट्टीतून नाही

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. "रविवार आहे म्हणून गेलो" हे कारण खाडीला कळत नाही.

पहिलं गणित. आपल्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ येते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. हा अंदाज आहे, जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघाच, हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साईटवर आणि अ‍ॅपवर भरती, लाटा, वारा सगळं मिळतं. पण तिथीचा हिशोब डोक्यात असला की कोणी "परवा येतोस का" म्हटल्यावर तिथल्या तिथे हो-नाही सांगता येतं.

दुसरं गणित पाण्याच्या ओढीचं. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतर एकदोन दिवस उधाण म्हणजे मोठी भरती-ओहोटी, अष्टमीनंतर एकदोन दिवस भांग म्हणजे सगळ्यात कमी. उधाणाला मुंबईकडे पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, मालवण-गोव्याकडे दोन-अडीच मीटर, पण खाडीचं तोंड अरुंद असेल तर ओढ तिथेही सोडत नाही. भरती असो की ओहोटी, सहा तासात पाणी सारखं हलत नाही. बारा भाग केले तर पहिल्या तासात १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, मग २, मग १. म्हणजे मधल्या दोन तासात निम्मं पाणी जातं. आता बघा, नवखा माणूस वल्हवून ताशी ४-५ किलोमीटर जातो, तेही पहिला तासभर. खाडीच्या तोंडाशी उधाणाची ओहोटी ताशी ३-४ किलोमीटरने सहज वाहते. म्हणजे तासभर घाम गाळून तुम्ही एक किलोमीटर सरकलात. आणि दोन मिनिटं पाणी प्यायला थांबलात की त्यातलं शंभर-सव्वाशे मीटर परत गेलं.

तिसरं वारा. थंडीत पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. पाणी तेलासारखं दिसतं, लोक फोटो काढतात आणि निघतात. पण तो वारा तुम्हाला बाहेरच ढकलतोय हे जाताना कळतच नाही कारण जाताना तो पाठीशी असतो. त्यात ओहोटी असेल तर दोघंही एकाच दिशेला. मग अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो, वायव्येकडून, पाणी उचकतं. ओहोटी बाहेर जातेय आणि वारा-लाटा आत येतायत, अशी टक्कर खाडीच्या तोंडाशी झाली की तिथे उभ्या लाटा उठतात, जागच्या जागी. त्या लाटांत मोठ्या होड्या पण जपून जातात.

तर मग जायचं कधी? खाडीच्या तोंडाजवळच्या गावातून निघणार असाल तर नवख्याला सगळ्यात सोयीची एकादशी-द्वादशी. नुकताच भांग होऊन गेलेला, ओढ कमी. भरती पूर्ण सव्वाआठ ते नऊला. साडेसहाला उजाडताना निघा, चढतं पाणीच तुम्हाला आत नेतं, भरती थांबते तेव्हा गरवा, ओहोटीचा पहिला तासभर गरवा, आणि त्याच ओहोटीवर बसून साडेदहाच्या आत जेटीला. दोन्ही वेळा पाणी तुमच्या बाजूने. (एकादशीला मिळालेला मासा आमच्याकडे द्वादशीपर्यंत बर्फातच थांबतो, आईसमोर विषय पण काढायचा नाही.)

आत लांब, वरच्या अंगाच्या गावातून निघणार असाल तर उलटं, ओहोटीवर खाली या आणि भरतीवर परत चढा. पण मग खाली कुठे थांबायचं ते आधी ठरवा, पुलाच्या पुढे नाही म्हणजे नाही.

*थांबा :* वारा ताशी १८ किलोमीटरच्या वर सांगितला असेल तर खाडीत पण जाऊ नका. उघड्या पाण्यात ताशी १२ किलोमीटरलाच थांबा. साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी चांगला काळ, होळीनंतर वायव्येचा जोर वाढतो, मे च्या मध्यानंतर विसरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते आणि बिगरयांत्रिक म्हणजे आपण सुटलो असा शहाणपणा काही जण करतात. बंदी नसली तरी पावसाळी समुद्र तोच असतो.

टप्पा ४ : जागा ओहोटीला बघून या

निघायच्या आदल्या आठवड्यात एकदा, पूर्ण ओहोटीला, चालत जाऊन किंवा जेटीवर उभं राहून बघा. भरतीला सगळ्या खाड्या सुंदरच दिसतात.

काय बघायचं? उतरायच्या जागी पाणी गेल्यावर किती गाळ उघडा पडतो. मांडीभर गाळात २५-३० किलोची कायाक ओढणं म्हणजे काय ते एकदा केलं की पुन्हा उशीर होत नाही. कालवं कुठे आहेत, कारण त्यांनी पाय ब्लेडसारखा कापतो आणि कायाकचा तळ पण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डोल जाळ्यांचे खुंट कुठे आहेत. डोल जाळी ओढीच्या तोंडाला लावलेली असते, म्हणजे पाणी तुम्हाला बरोब्बर तिकडेच नेतं. कायाक खुंटाला आडवी लागली की वरच्या बाजूने पाणी चढतं आणि ती खुंटाला चिकटून बसते, माणूस जाळ्याच्या तोंडाशी. खुंट दिसले की वरच्या अंगाने जायचंच नाही, लांबून खालच्या बाजूने.

जेटीवर जे कोणी जाळं विणत बसलेत त्यांच्याशी बोला. काका, इकडून निघालो तर चालेल का, तुमची जाळी कुठे आहेत, एवढं विचारलं तरी पुरतं. गरवायची जागा विचारू नका, ती कोणी सांगत नाही आणि सांगितली तर ती नसतेच. ओढीच्या जागा आणि बुडालेले खडक मात्र सगळे मनापासून सांगतात.

अजून दोन गोष्टी. चिपळूण-दाभोळकडे वाशिष्ठीत मगरी आहेत, गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यातही आहेत, तिथे पाय बाहेर सोडून बसणं आणि मासे दोरीला ओवून पाण्यात ठेवणं दोन्ही बंद. आणि मालवणला सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून, त्याच्या हद्दीत गळ टाकण्याआधी तिथे काय चालतं ते वनखात्याकडून विचारून घ्या.

टप्पा ५ : सामान आणि बांधाबांध

अंगावर काय आणि कायाकवर काय यात गल्लत होते. उलटल्यावर कायाक तुमच्यापासून लांब जाऊ शकते, त्यामुळे जीव वाचवणारी प्रत्येक वस्तू अंगावर.

अंगावर : लाईफ जॅकेट, चेन लावलेलं, पट्टे ओढलेले. खुर्चीमागे खोचलेलं जॅकेट म्हणजे घरी ठेवलेलं जॅकेट. शिट्टी जॅकेटला. फोन पाण्याच्या पाऊचमध्ये, जॅकेटच्या खिशात. छोटी सुरी किंवा दोरा कापायची कात्री, एका हाताने निघेल अशी. पायात बूट, चप्पल नको.

कायाकवर : वल्ह्याची दोरी. माणशी तीन लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं. एका काठीवर केशरी झेंडा, कारण लाटेच्या पोकळीत कायाक ट्रॉलरच्या तांडेलाला दिसतच नाही. डोक्याला लावायची बॅटरी, सकाळी जाणार असलात तरी. आधार कार्डाची झेरॉक्स, सागरी पोलीस विचारू शकतात.

गरवायचं सामान कमी न्या. साडेसहा-सात फुटी एक रॉड, ३००० किंवा ४००० ची रील, २० ते ३० पौंडी ब्रेड म्हणजे विणलेला दोरा आणि पुढे गळाकडे हातभर ४० पौंडी लीडर म्हणजे जाड दोरा, कारण तांबोशीचे दात आणि कालवं दोन्ही दोरा खातात. दोन मिनो (लहान माशासारखे लूर), थोडे सॉफ्ट प्लास्टिक म्हणजे मऊ लूर आणि त्यांना लावायचे जिगहेड म्हणजे वजनाचे गळ, जिवंत कोळंबी मिळाली तर तीच. लूरला तीन तोंडी गळ असतात ते काढून एकेरी लावा आणि गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. कायाकवर गळ आणि मांडी यांच्यात एक फुटाचं अंतर असतं, बाकी तुम्हाला समजलं असेलच.

*तपासा :* घरी कोणालातरी मेसेज करून ठेवा, कुठून निघतोय, कुठपर्यंत, किती वाजता परत, आणि त्या वेळेनंतर एक तासाने फोन नाही आला तर काय करायचं. तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. हे नंबर तुमच्या फोनमध्ये असून उपयोग नाही, त्यांच्या फोनमध्ये पाहिजेत.

टप्पा ६ : पहिली वीस मिनिटं रॉडला हात नाही

पाण्यात उतरलात की आधी वल्हवा. पाण्याची ओढ कुठली, वारा कुठला, हे वल्हं थांबवून मिनिटभर नुसतं बसून बघा, कायाक कुठे सरकते. काठावरचं एक झाड आणि मागचं एक घर एका रेषेत धरा, रेष मोडली की तुम्ही वाहताय. जे पंचांगात वाचलं ते आणि जे दिसतंय ते जुळत नसेल तर दिसतंय ते खरं.

नांगराबद्दल वेगळं सांगतो. छोटा दीड किलोचा घडीचा नांगर चालतो, पण तो कधीही कायाकच्या कुशीला बांधायचा नाही. ओढ आली की नांगर एक कड खाली खेचतो, पाणी दुसरीकडून ढकलतं आणि दोन सेकंदात उलटी. मी एकदा आळसाने बसल्या जागी हँडललाच बांधला होता, उलटलो, रॉड गेला, एक चष्मा गेला, त्या दिवशी पोट-बूड-पाय कामाला आलं. दोरी पुढच्या किंवा मागच्या टोकाकडूनच गेली पाहिजे, आणि हाताशी असलेल्या टोकाला एक तरंगता फ्लोट, म्हणजे गडबड झाली की झटक्यात सोडून द्यायचं आणि नंतर येऊन उचलायचं. मधल्या दोन तासांच्या ओढीत तर नांगर टाकूच नका.

टप्पा ७ : आता गरवा

चढत्या पाण्यात बोय नावाचे छोटे मासे, कोळंबी, बारीकसारीक सगळं कांदळवनात शिरतं. मोठा मासा पण मागे जातो पण तिथे मुळांमध्ये तुम्ही काही करू शकत नाही. पाणी थांबलं आणि उतरायला लागलं की ते सगळं लहान लहान ओघळींतून बाहेर येतं, आणि त्या ओघळीच्या तोंडाशी जिताडा, गोव्याकडचा चोणक, वाट बघत असतो. ओहोटीचा पहिला तास म्हणून सोन्याचा. तांबोशी खडकाला, पुलाच्या खांबांना, पडलेल्या झाडांना धरून.

कायाक ओघळीच्या तोंडापासून बारा-पंधरा मीटर लांब, वरच्या अंगाला ठेवा आणि लूर ओघळीत टाकून पाण्याबरोबर बाहेर येऊ द्या, जसा बोय येईल तसा. थेट ओघळीत कायाक घातली की तिथलं काम संपलं. आणि वल्हं कायाकवर आपटू नका, प्लास्टिकच्या पोकळ कायाकवर तो आवाज ढोलासारखा खाली जातो.

जागा बदलताना वीस-पंचवीस मीटर मागे मिनो सोडून हळू वल्हवत जा. तेव्हा ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक थोडा सैल ठेवा, नाहीतर मासा लागला की रॉड होल्डरसकट जातो. रॉडला पण दोरी बांधा हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

टप्पा ८ : मासा लागल्यावर

रॉडचं टोक कायाकच्या पुढच्या टोकाकडे. मासा पुढून ओढतो तोवर कायाक नुसती ओढली जाते, मजा येते. मासा काटकोनात गेला आणि तुम्ही पण तिकडे झुकलात तर उलटी. डोकं कायाकच्या कडेबाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढा एकच नियम धरा. मासा खालून दुसऱ्या बाजूला गेला तर रॉड टोकावरून फिरवा, पाठीमागून नाही.

तांबोशी पहिल्या पाच सेकंदात घरात, म्हणजे आपल्या कपारीत, शिरते. तिथे दया नाही, ड्रॅग घट्ट, आणि एका हाताने वल्ह्याचा एक उलटा फटका जमला तर बघा.

मासा पूर्ण दमेपर्यंत वर घेऊ नका, जाळीत डोक्याकडून घ्या. आणि वर आल्यावर काय आहे ते बघा मगच हात लावा. जिताड्याच्या गालाची कड धारदार, बोटं फाटतात. शिंगाळ्याचे तीन काटे विषारी, पाकटाच्या शेपटीचा पण. शिंगाळा आला तर मी तर दोराच कापतो, तीस रुपयांच्या गळासाठी कोण हात सुजवून घेणार. काटा लागलाच तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवा, कळ उतरते, पण काटा आत मोडला असेल किंवा पाकटाचा असेल तर दवाखाना. म्हणजेच परत यायला उरलेली ताकद आणि वेळ तुमच्याकडे पाहिजे.

लहान मासा परत सोडा. महाराष्ट्रात २०२३ पासून ५४ जातींना किमान आकार ठरवलाय, यादी मत्स्य खात्याकडे मिळते. ठेवायचा असेल तर लगेच कल्ले कापून रक्त काढा आणि बर्फात टाका, उन्हात तासभर पडलेला जिताडा घरी कोणी खात नाही.

टप्पा ९ : ठरलेल्या वेळी निघा

फोनवर अलार्म लावा, परतीच्या वेळेचा. तो वाजतो तेव्हा मासे लागतच असतात, नेहमीच. तरी निघा.

परत येताना पुळणीवर लाटा असतील तर बाहेर थांबून दोन-तीन मोठ्या लाटा जाऊ द्या, रॉड आडवे बांधा, मोठ्या लाटेच्या मागोमाग सरळ काटकोनात या. कायाक आडवी होऊ द्यायची नाही. उतरताना समुद्राच्या बाजूला उतरा, कायाक आणि किनारा यांच्या मध्ये कधीच नाही, पुढची लाट ती तुमच्या नडगीवर आणून घालते.

घरी मेसेज टाका, पोचलो म्हणून. मग रील, पक्कड, जॅकेटची चेन, ट्रॉलीची चाकं गोड्या पाण्याने धुवा, रील नळाच्या धारेखाली धरू नका, नुसतं शिंपडा, धारेने मीठ आत जातं. मागचं बूच उघडून आतलं पाणी काढा, किती निघालं ते बघा, तांब्याभर असेल तर ठीक, बादली निघाली तर कुठेतरी चीर आहे, ती सापडेपर्यंत पुन्हा पाण्यात नाही. आणि बूच लगेच परत लावा.